ज्यांनी जायला नको होते तेच पंप गेले: उत्पादन परदेशी नेण्याच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

कंपनीचे, देशांची आणि माणसांची नावे गाळली आहेत. रकमांच्या जागी निर्देशांक वापरला आहे. एका साध्या पंपाचा कारखान्याच्या दारापर्यंतचा खर्च १०० धरला, की चलन कोणतेही असो, हिशेब तोच राहतो. मी या प्रकरणात उशिरा आलो, दुसऱ्या वर्षी, कॉस्टिंगच्या, म्हणजे मालाचा खर्च मोजण्याच्या, कामासाठी. त्याआधीचा भाग बैठकांची टिपणे, करार आणि लोकांशी झालेले बोलणे यांवरून लिहिला आहे.

पार्श्वभूमी

कंपनी पाण्याचे पंप बनवते. मालकी एका कुटुंबाची, कारभार दुसऱ्या पिढीकडे. कामगार आणि कर्मचारी मिळून २६० माणसे. मालाचे दोन गट. पहिला, ठरावीक मापाचे साधे पंप: संख्येने भरपूर, नफा जेमतेम. दुसरा, रासायनिक आणि अन्नप्रक्रिया कारखान्यांसाठी ऑर्डरनुसार बनणारे खास पंप: संख्या थोडी, पण प्रत्येकात अभियंत्याचे आणि फिटरचे डोके. साध्या पंपांचा बहुतेक माल मायदेशातच खपत असे, साधारण पाचवा हिस्सा एका दूरच्या बाजारात निर्यात होई.

साध्या पंपाचा १०० खर्च असा फुटत होता: ओतकामाचे भाग २२, मोटर २४, सील, बेअरिंग, पॅकिंग वगैरे १२, थेट मजुरी १४, वीज आणि हत्यारे ८, आणि उरलेले २० स्थिर खर्चाचे, म्हणजे शेड, पर्यवेक्षक, टूलरूम (साचे-हत्यारे बनवणारा आणि दुरुस्त करणारा विभाग), चाचणी विभाग, कार्यालय. पुढचे सगळे रामायण या शेवटच्या २० वरून घडले. मजुरीच्या १४ वरून नव्हे. पण त्या काळातल्या बैठकांची टिपणे वाचली तर ‘मजुरी’ हा शब्द पानोपानी सापडतो आणि ‘स्थिर खर्च’ एकदाच.

अडचण

एकाच तिमाहीत तीन गोष्टी आल्या.

सर्वांत मोठ्या वितरकाने कळवले की परदेशी पंप त्याला १२ अंकांनी स्वस्त मिळतो आहे. तेवढा भाव उतरवा, नाहीतर तो माल आम्ही आमच्या नावाने विकू. साध्या पंपांचा एकतृतीयांश माल हा एकटा वितरक उचलत होता.

मोटर पुरवणाऱ्याने कळवले की या मापाच्या मोटरींचे वाइंडिंग तो इथे बंद करतो आहे, यापुढे मोटर त्याच्या परदेशातल्या कारखान्यातून येईल. उत्पादन परदेशी जाण्याच्या चर्चेत या कारणाला हवे तेवढे वजन मिळत नाही. माणसांचा पगार स्वस्त म्हणून कारखाने जातात असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा एक जातो तो आधी गेलेल्या दुसऱ्याच्या मागे. डायसनने २००२ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरचे उत्पादन इंग्लंडमधून मलेशियात नेले, तेव्हा पुरवठादार त्याच भागात आहेत हे एक कारण सांगितले गेले होते. फाउंड्री, मोल्ड बनवणारा, प्लेटिंगवाला, मोटरवाला एकदा एका ठिकाणी जमले, की बाहेर राहिलेल्याला प्रत्येक नट-बोल्ट महाग पडू लागतो.

तिसरी गोष्ट घरातलीच. मशीनिंगची लाइन वीस वर्षांहून जुनी झाली होती. बदलायची तर मोठे कर्ज, न बदलावी तर रिजेक्शन वाढत जाणार.

समोरचे पर्याय

संचालकांपुढे चार पर्याय ठेवले गेले. कागदावर चौघांना सारखी जागा होती, पण मनात एक आधीच बसला होता.

पहिला पर्याय, इथेच राहून नवी मशीन घेणे आणि पंपाचे डिझाइन सुधारणे. परतफेडीचा काळ सहा वर्षांचा निघाला आणि चर्चा तिथेच संपली. डिझाइन सुधारण्याचा भाग वेगळा काढून कोणी तपासलाच नाही. त्याला मशीनचे कर्ज लागत नव्हते. कारखाना आणि डिझाइनवाले शेजारी असले म्हणजे काय होते याचे एक उदाहरण नोंदलेले आहे. जनरल इलेक्ट्रिकने २०१२ मध्ये एका वॉटर हीटरचे उत्पादन चीनमधून अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या आपल्या कारखान्यात आणले. जोडणी किती किचकट आहे हे अभियंत्यांना तेव्हा प्रथम नीट दिसले. त्यांनी रचना बदलली आणि कारखान्यातला वेळ १० तासांवरून २ तासांवर आला. किरकोळ भाव १,५९९ डॉलरवरून १,२९९ डॉलरवर उतरला. तो उतार स्वस्त मजुरीतून आलेला नव्हता.

दुसरा पर्याय, परदेशातल्या कंत्राटी उत्पादकाकडून अख्खा पंप आपल्या नावाने बनवून घेणे. कोटेशन आले ७२ चे, तिकडच्या बंदरात जहाजावर चढवून.

तिसरा, निर्यातीच्या त्या दूरच्या बाजारात स्वतःचे जोडणीचे छोटे युनिट उघडणे. तिथे तयार पंपावर आयात शुल्क जास्त, सुट्या भागांवर बरेच कमी. शुल्काची अशी चढती पायरी जगात अनेक ठिकाणी मुद्दाम ठेवलेली असते, जोडणी तरी आपल्याकडे व्हावी म्हणून. उलट बाजूने अचानक वाढलेले शुल्कही कारखाना हलवते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये अमेरिकी मोटारसायकलींवरचे शुल्क ६ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर नेले, तेव्हा हार्ले-डेव्हिडसनने युरोपसाठीच्या गाड्या अमेरिकेबाहेर बनवणार असल्याचे जाहीर केले. आमच्या कंपनीत हा पर्याय ‘तिकडे पाठवायला माणूस कुठे आहे?’ या एका वाक्यावर बाद झाला.

चौथा पर्याय उत्पादनप्रमुखाचा: ओतकाम आणि मोटर परदेशातून आणा, मशीनिंग, जोडणी आणि चाचणी इथेच ठेवा. त्याच्या हिशेबाने ओतकाम २२ चे १६ आणि मोटर २४ ची २० झाली असती, म्हणजे पंप ९० ला पडला असता.

निर्णय कसा झाला

खरेदीप्रमुखाने मांडले ते ७२ विरुद्ध १००. अर्थप्रमुखाने त्यात भर घातली: समुद्रभाडे आणि विमा ५, शुल्क आणि बंदराचा खर्च ४, वाटेतल्या आणि गोदामातल्या मालात अडकलेला पैसा ३, तपासणी, फेऱ्या आणि परत आलेला माल ३. दारात पोचेपर्यंत ७२ चे ८७ झाले. तरीही १३ ची बचत दिसत होती, आणि वितरकाने मागितले होते १२. उत्पादनप्रमुखाच्या ९० ने ते १२ भरत नव्हते. आकडे असे जुळून आले की कोणाला पुढे पाहावेसे वाटत नाही. मलाही त्या खोलीत पाहावेसे वाटले नसते.

पहिला निर्णायक क्षण हाच. ८७ आणि ९० शेजारी ठेवले गेले, पण ते एका मापाचे नव्हते. ९० मध्ये स्थिर खर्चाचे २० पूर्ण धरलेले होते. ८७ मध्ये कंत्राटदाराचा स्थिर खर्च होता, आपला नव्हता. आणि आपला स्थिर खर्च पंपाबरोबर जहाजात बसून जाणार नव्हता. शेड तिथेच, टूलरूम तिथेच, चाचणी विभाग खास पंपांसाठी लागणारच. २० पैकी लगेच वाचणारे होते फार तर ५. उरलेले १५ मागे राहणार होते. ते ८७ मध्ये मिळवले तर कंपनीला पंप पडत होता १०२ ला. आहे तिथे १००, चौथ्या पर्यायाने ९०, परदेशी नेऊन १०२.

हे कोणाला दिसले नाही असे नाही. अर्थप्रमुखाच्या टिपणात ‘स्थिर खर्च वर्षभरात जुळवून घेऊ’ अशी ओळ आहे. स्थिर खर्चाबद्दल मी म्हटले ती एकुलती एक नोंद हीच. जुळवून घेणे म्हणजे नेमके काय विकणार, कोणाला कमी करणार, कधी, हे त्या ओळीत नाही.

खरेदीप्रमुखाला दोष देणे सोपे आहे, पण त्याचा वार्षिक बोनस खरेदीच्या दरात किती बचत केली यावर मोजला जात होता. भाडे लॉजिस्टिक्सच्या खात्यात पडे, दुरुस्ती गुणवत्तेच्या, जादा साठ्याचे व्याज अर्थखात्याच्या. ७२ हा आकडा ज्याचा होता त्याला ८७ कधी भोगावा लागणार नव्हता.

दुसरा पर्याय मंजूर झाला, सगळ्या साध्या पंपांसाठी, नऊ महिन्यांत.

अंमलबजावणी

स्वेच्छानिवृत्ती जाहीर झाली आणि ११० माणसे कमी करायची ठरली. रक्कम बरी होती, त्यामुळे संघटनेने फार ताणले नाही. पण अर्ज कोणाचे आले हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यात अर्ज टाकले ते टूलरूमच्या फिटरांनी, मशीन जुळवून देणाऱ्या सेटरांनी आणि चाचणी विभागातल्या दोघा जुन्या मेकॅनिकांनी. त्यांना बाहेर काम मिळणार होते, ते का थांबतील? ज्यांना बाहेर कोणी विचारणार नव्हते ते शेवटपर्यंत थांबले. ‘कोणाचा अर्ज नाकारायचा’ ही यादी आधी करायला हवी होती. ती केली गेली चार फिटर निघून गेल्यावर. बैल गेला आणि झोपा केला.

पॅटर्न आणि डाय (भाग घडवण्याचे साचे) आणि फिक्स्चर (काम करताना भाग धरून ठेवणारी साधने) कंत्राटदाराकडे पाठवली गेली. पैसे कंपनीचे, पण ती परत कधी आणि कोणाच्या खर्चाने मिळतील यावर करारात एक शब्द नव्हता.

पहिले दोन कंटेनर चांगले आले. तिसऱ्यात ओतकामात ब्लोहोल, म्हणजे धातूत अडकलेल्या हवेच्या पोकळ्या, निघाले. मशीनिंगनंतर वरून दिसत नाहीत, दाब दिला की पाणी झिरपते. पूर्वी फाउंड्रीचा माल सकाळी आला आणि दुपारी असे काही निघाले, तर संध्याकाळी फाउंड्रीचा माणूस दारात उभा असे. आता दोष सापडला तेव्हा त्याच ओतणीचे आणखी दोन कंटेनर समुद्रावर होते. त्यांची तक्रार करता येत होती, त्यांना थांबवता येत नव्हते. तीन कंटेनरचा माल इथे एकेक करून तपासावा लागला, आणि तपासणारे जाणते हात नुकतेच पैसे घेऊन गेले होते.

मागणीपासून माल हातात येईपर्यंतचा काळ ३ आठवड्यांवरून १४ आठवड्यांवर गेला. विक्रीवाल्यांनी घाबरून अंदाज वाढवले, गोदाम भरले, आणि भरले ते नेमके न खपणाऱ्या मापांनी. समुद्रमार्ग किती नाजूक असतो हे २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन सहा दिवस अडकले तेव्हा सगळ्यांनी पाहिले, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा पुन्हा पाहिले. इथे तसे काही मोठे घडलेच नाही. नेहमीच्या उशिरांनीच पुरे केले. करार परकीय चलनातला होता, दर थोडा आपल्याविरुद्ध सरकला, त्याचे आणखी एकदोन अंक गेले. पहिल्या वर्षाअखेर पंप दारात ९१ ला पडत होता, मागे राहिलेला स्थिर खर्च न धरता.

दुसरा निर्णय, जो जवळजवळ झाला होता

मला बोलावले ते वेगळ्याच कारणासाठी. खास पंपांच्या ऑर्डरी सुटत होत्या. कॉस्टिंग वाढले आहे, कुठे ते शोधा, असे काम होते.

शॉप फ्लोअरवर काहीच वाढलेले नव्हते. तेच भाग, तीच माणसे, तेवढेच तास. वाढ होती ती वाटणीत. पूर्वी कारखान्याच्या स्थिर खर्चाच्या १०० भागांपैकी ६० साधे पंप उचलत, ४० खास पंप. साधे पंप गेले, त्यांच्या ६० पैकी १५ खरोखर वाचले आणि ४५ खास पंपांच्या डोक्यावर आले. ४० चे ८५ झाले. खास पंपाच्या खर्चात स्थिर खर्चाचा वाटा १०० पैकी ३० होता, तो झाला ६४. म्हणजे ज्या पंपाला कोणी हातही लावला नव्हता त्याचा कागदावरचा खर्च १०० वरून १३४ वर गेला. विक्रीवाले त्या १३४ वर नफा चढवून भाव देत होते आणि ऑर्डर गमावत होते. ऑर्डर गेली की उरलेल्या पंपांवर आणखी बोजा.

माझ्या टेबलावर तेव्हा एक प्रस्ताव तयार पडला होता: खास पंपही परदेशी बनवून घ्यावेत, कारण ‘इथे बनवणे परवडत नाही असे आकडेच सांगतात.’

पहिल्या निर्णयाने दुसऱ्यासाठी कारण तयार करून ठेवले होते. बाहेरून पाहणाऱ्याला पुढे दिसले असते की उद्योग टप्प्याटप्प्याने स्वस्त देशाकडे गेला. आत मात्र एका वाटणीच्या सूत्राने एकेक गट ढकलून बाहेर काढला असता. परदेशी गेलेले किती उत्पादन असे गेले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

आम्ही तीन गोष्टी केल्या. रिकाम्या जागेचा खर्च पंपांच्या कॉस्टिंगमधून काढून ‘न वापरलेली क्षमता’ या स्वतंत्र ओळीत दाखवला. तो खर्च संचालकांनी उचलायचा, पंपाने नाही. खास पंपांचे भाव जुन्या पायावर आणले. आणि अर्धी शेड भाड्याने दिली. हा शेवटचा मुद्दा मालकांना सर्वांत जड गेला. ‘वडिलांनी बांधलेली शेड आहे,’ असे थोरले संचालक म्हणाले, आणि पुढच्या बैठकीपर्यंत कोणी तो विषय काढला नाही.

परिणाम

खास पंपांच्या ऑर्डरी सहा-सात महिन्यांत परत येऊ लागल्या, सगळ्या नाहीत. दोन ग्राहक कायमचे गेले. मागे राहिलेल्या स्थिर खर्चापैकी दुसऱ्या वर्षाअखेर जेमतेम निम्मा कमी झाला होता. ‘वर्षभरात’ हा अंदाज इतका चुकला.

साध्या पंपांपैकी सर्वांत जास्त खपणारी दोन मापे परत आणायचे ठरले, उत्पादनप्रमुखाच्या चौथ्या पर्यायाने: ओतकाम आणि मोटर परदेशातून, बाकी इथे. यावेळी जोडणीची रचनाही बदलली. चार बोल्ट आणि एक ब्रॅकेट कमी झाले, मजुरी १४ वरून १० वर आली आणि पंप ८६ ला बसला. मूळ चर्चेत हा आकडा असता तर १२ ची मागणी १४ ने भागली असती. मात्र पॅटर्न परत मिळवायला पाच महिने लागले. करारातली ती न लिहिलेली ओळ.

बाकीची मापे परदेशातच बनत राहिली. त्यांचा खप इतका थोडा आणि स्थिर आहे की १४ आठवडे चालतात.

तिसऱ्या वर्षी कंत्राटदाराने दर वाढवून मागितले. तिकडचे पगार वाढले होते. ते वाढणारच होते, कारण आमच्यासारखे अनेक जण तिथे पोचले होते. खरेदीप्रमुख लगेच तिसऱ्या देशातले कोटेशन घेऊन आला. त्याला मी नोकियाची गोष्ट सांगितली: २००८ मध्ये जर्मनीतला बोखुमचा कारखाना बंद करून उत्पादन रोमानियात क्लुजजवळ नेले आणि २०११ मध्ये तो कारखानाही बंद करण्याचे जाहीर केले. तो म्हणाला, ‘त्यांच्याकडे निदान तीन वर्षे तरी स्वस्त पडले ना?’ हे उत्तर मला आजही पूर्ण खोडता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, कोणता पंप कुठे विकला जातो हे पाहून मग तो कुठे बनवायचा हे ठरवायला हवे होते. परदेशी जाण्याचे पक्के कारण या कंपनीकडे होते: दूरच्या बाजारातले तयार मालावरचे शुल्क. ते लागू होते साध्या पंपांच्या पाचव्या हिश्शाला. प्रत्यक्षात सगळे साधे पंप गेले. मायदेशात विकले जाणारे पंप तिकडे बनून समुद्र ओलांडून परत येऊ लागले, आणि निर्यातीच्या पंपांना शुल्क पूर्वीइतकेच लागत राहिले, कारण कंत्राटदार त्या बाजाराच्या देशात नव्हता. ज्या कारणाने जायचे ते कारण एकाचे, आणि गेले भलतेच.

दुसरे, वितरकाच्या १२ या आकड्याशी कोणी बोलायलाच गेले नाही. पुढे कळले की भावाइतकाच त्याला गोदामात कमी माल ठेवण्यात रस होता. ३ आठवड्यांत माल देणारा पुरवठादार त्याच्यासाठी काही अंकांचा होता. ते अंक मोजून त्याच्यापुढे ठेवता आले असते. कदाचित त्याने ऐकले नसते, पण विचारायला काही पडत नव्हते.

तिसऱ्या मुद्द्यावर माझे आणि अर्थप्रमुखाचे अजून एकमत नाही. त्याचे म्हणणे, स्थिर खर्च कमी करण्याची हिंमत पहिल्याच महिन्यात दाखवली असती, शेड विकली असती, तर ८७ चा हिशेब खरा ठरला असता. चूक निर्णयात नव्हती, अर्धवटपणात होती. आकड्यांपुरते त्याचे बरोबर आहे. पण मग टूलरूमही जाते, आणि टूलरूम गेली की खास पंप कोण बनवणार? त्याच टूलरूमवर कंपनीचा खरा नफा उभा होता आणि ती साध्या पंपांच्या खर्चात अर्ध्याहून जास्त पोसली जात होती.

दूरच्या बाजारातले जोडणीचे युनिट चौथ्या वर्षी सुरू झाले, एका स्थानिक भागीदाराबरोबर, बारा माणसांचे. तिकडे पाठवायला माणूस सापडला तो चाचणी विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या दोघांपैकी एक. त्याला पूर्वीच्या पगाराच्या दीडपट देऊन परत बोलवावे लागले.